बॅचलरेट वीकेंडसाठी लक्झरी हॉटेल निवडताना आधी खोल्या बघा, लॉबी नंतर

मैत्रिणीचं लग्न ठरलं की बॅचलरेट वीकेंडसाठी, म्हणजे लग्नाआधी नवरीबरोबर मैत्रिणींनी मजेत घालवायच्या वीकेंडसाठी, ग्रुपवर लगेच हॉटेलच्या लिंका यायला लागतात, कुणी रूफटॉप पूलचा फोटो टाकते, कुणी खिडकीशेजारच्या बाथटबचा, मग मतदान होतं आणि ज्याचे फोटो सगळ्यात भारी ते हॉटेल ठरतं. मला मनापासून वाटतं की इथेच गडबड होते. कारण लक्झरी हॉटेलची नेहमीची रूम ही दोन माणसांसाठी बनवलेली असते, एक मोठा बेड, एक आरामखुर्ची, एक छोटं टेबल, झालं. आणि तुम्ही असणार सात-आठ जणी.

या वीकेंडमधला सगळ्यात छान वेळ कुठला असतो सांगू का, बाहेर जेवून नाचून परत आल्यावर सँडल काढून, मेकअप पुसून, नाइट ड्रेसमध्ये सगळ्या गोल करून बसतात ना, तो. होणारी नवरी तेव्हाच खरं बोलते. त्यामुळे हॉटेल शोधायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न हाच धरा की रात्री बारा वाजता आपण सगळ्या एकत्र कुठे बसणार? याचं उत्तर ज्या हॉटेलात नीट मिळतं ते घ्या, भले त्याची लॉबी थोडी साधी असेल. बाकीचं सगळं म्हणजे पूल, स्पा, नाश्ता, व्ह्यू हे त्याच्या नंतर.

शोधायच्या आधी ग्रुपमध्ये तीन गोष्टी ठरवून टाका

नक्की किती जणी, कुठल्या तारखा, आणि प्रत्येकीला किती परवडतंय. तिसरी गोष्ट अवघड आहे कारण ग्रुपवर कुणीच मोकळेपणाने बोलत नाही, जिला परवडत नाही ती "बघते" म्हणते आणि आठवडाभर गप्प बसते. म्हणून जी कोणी आयोजन करतेय तिने प्रत्येकीला वेगळा मेसेज करून विचारावं की जास्तीत जास्त किती चालेल, आणि जो सगळ्यात कमी आकडा येईल तो बजेट धरावा, कोणाचा आकडा ते कुणालाही न सांगता. सरासरी काढू नका. सरासरी काढली की निम्म्या जणी आतून टेन्शनमध्ये येतात आणि ते वीकेंडभर दिसत राहतं.

बजेट कमी पडतंय असं दिसलं तर माझा सल्ला स्पष्ट आहे, दोन रात्री कशातरी भागवण्यापेक्षा एकच रात्र घ्या पण चांगल्या हॉटेलात चांगली रूम घ्या. शनिवारी दुपारी चेक-इन, रविवारी दुपारी चेक-आउट, मधले वीस-एकवीस तास तुमचे. नवरीच्या वाट्याचे पैसे बाकीच्या भरणार असतील तर तेही याच वेळी हिशोबात धरा, नंतर कळलं की कुणाला तरी ते खुपतं. आणि पैसे आधी गोळा करा मग बुकिंग करा, एकीने स्वतःच्या कार्डवर सगळं भरून नंतर महिनाभर मागत फिरायचं हे मैत्रीला चांगलं नाही. "या तारखेनंतर कुणी गळलं तर तिचा वाटा परत मिळणार नाही" हेही गोड शब्दात पण लिहूनच कळवा.

स्टार किती याच्यात फार अडकू नका

पाच स्टार म्हटलं की आपल्याला वाटतं सगळीकडे एकच मापदंड असेल, पण तसं नाहीये, जगभर लागू होणारी एकच स्टार पद्धत अस्तित्वातच नाही. प्रत्येक देशाची आपापली पद्धत, कुठे सरकार स्टार देतं, कुठे हॉटेलांची संघटना. युरोपातल्या काही देशांनी 2009 मध्ये हॉटेलस्टार्स युनियन काढून एक समान यादी केली, त्यात पाच स्टारसाठी रिसेप्शन चोवीस तास चालू पाहिजे, रूम सर्व्हिस चोवीस तास पाहिजे असल्या अटी आहेत. फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड, जे 1958 मध्ये मोबिल ट्रॅव्हल गाइड म्हणून सुरू झालं, ते ओळख न सांगता इन्स्पेक्टर पाठवतं आणि त्यांच्याकडे सर्व्हिसला जास्त वजन असतं. रेस्टॉरंटांना स्टार देणाऱ्या मिशलिन गाइडने 2024 पासून हॉटेलांना तशाच किल्ल्या द्यायला सुरुवात केलीये, एक, दोन किंवा तीन. आणि दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सात स्टार म्हणतात खरं, पण सात स्टार अशी अधिकृत पातळी नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की स्टार तुम्हाला सुविधा सांगतात, काही याद्या सर्व्हिसही सांगतात, पण आठ मैत्रिणींना तिथे मोकळं वाटेल का हे कुठलीच यादी सांगत नाही. काही अतिशय नावाजलेली हॉटेलं खूप शांत असतात, तिथे लोक वाचत बसायला आणि झोपायला येतात, तिथे तुम्ही मोठ्याने हसलात तरी माना वळतात. ते हॉटेल वाईट नाहीये, ते तुमच्या वीकेंडसाठी नाहीये इतकंच. शांत स्पा वीकेंड करायचा असेल तर मात्र तेच सगळ्यात उत्तम. म्हणून नवरीचा स्वभाव आधी, मग स्टार.

खोल्या, इथे वेळ घालवा

सुईट या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. ज्युनियर सुईट म्हणजे बहुतेक वेळा एकच मोठी खोली, तिच्यात बेड आणि सोफा दोन्ही, मध्ये फार तर अर्धी भिंत. म्हणजे एकीला झोप आली की सगळ्यांनी गप्प व्हायचं. तुम्हाला हवा तो वन-बेडरूम सुईट, ज्यात लिव्हिंग रूम वेगळी आणि मध्ये बंद होणारं दार असतं. साइटवर फ्लोअर प्लॅन असेल तर तो उघडून बघाच, आणि चौरस फूट बघा, फोटो नको, कारण वाइड अँगलने छोटी खोलीसुद्धा हॉलसारखी दिसते. लिव्हिंग रूममध्ये बसायच्या जागा मोजा. सोफा तिघींचा, दोन खुर्च्या, बाकीच्या खाली गालिच्यावर उशा घेऊन, हे छान जमतं. पण सोफा दोघींचा आणि बाकी सगळं डायनिंग टेबलनेच भरलेलं असेल तर नाही जमत.

माझ्या मते आठ जणींसाठी सगळ्यात चांगली रचना म्हणजे एक सुईट, त्याला आतून जोडलेली एक ट्विन रूम (म्हणजे दोन सिंगल बेडची), आणि त्याच मजल्यावर अजून दोन ट्विन रूम. सुईट नवरीचा आणि तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा, आणि तोच सगळ्यांचा अड्डा. सगळ्यांना सुईट देण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं आणि मजा तीच.

आता "आतून जोडलेली" या शब्दाकडे नीट बघा. कनेक्टिंग रूम म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये दार असतं, बाहेर कॉरिडॉरमध्ये न जाता ये-जा करता येते. अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारी शेजारी, मध्ये भिंत. बुकिंग साइटवर "रिक्वेस्ट" म्हणून टाकलेलं कनेक्टिंग हे फक्त विनंती असते, त्या दिवशी मिळेलच असं नाही, कारण जोडलेल्या खोल्यांच्या जोड्या हॉटेलात मोजक्याच असतात आणि लहान मुलं असलेली कुटुंबंही त्याच मागतात. त्यामुळे हॉटेलकडून "कन्फर्म्ड कनेक्टिंग" असं लेखी आलं तरच धरून चाला.

बेडचं पण तसंच. लक्झरी हॉटेलात किंग बेडच्या खोल्या जास्त आणि ट्विन कमी असतात, आणि काही ठिकाणी ट्विन म्हणजे दोन सिंगल बेड चिकटवून ठेवलेले, वेगळे करता येतात का ते विचारावं लागतं. कोण कोणाबरोबर एका बेडवर झोपायला तयार आहे हे आधी विचारून घ्या, कॉलेजमधल्या दोघी आरामात झोपतील, पण नवरीची ऑफिसची मैत्रीण आणि तिची चुलत बहीण पहिल्यांदाच भेटतायत तर त्यांना एक बेड देऊ नका ना. तिसरा बेड टाकता येतो का हे रूमच्या प्रकारावर अवलंबून असतं, आगीच्या नियमांमुळे प्रत्येक खोलीत किती माणसं झोपू शकतात याची मर्यादा असते आणि चांगलं हॉटेल ती मोडत नाही. म्हणून दोघींची खोली घेऊन चौघी झोपू असा प्लॅन करू नका, नाश्त्याला किंवा लिफ्टच्या की-कार्डला अडकतो.

आणि बाथरूम! हे कुणीच सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगतेय. बऱ्याच नव्या डिझायनर हॉटेलांमध्ये बाथरूमची भिंत काचेची असते, किंवा शॉवर थेट बेडसमोर उघडा असतो, किंवा टॉयलेटला नुसतं सरकतं दार असतं जे नीट बंदच होत नाही. जोडप्यांना चालत असेल, मैत्रिणींबरोबर रूम शेअर करताना किती अवघडल्यासारखं होतं ते विचार करा. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा आणि हॉटेलला थेट विचारा की काचेला पडदा किंवा ब्लाइंड आहे का, टॉयलेटला वेगळं दार आहे का. सुईटमध्ये लिव्हिंग रूमच्या बाजूला एक वेगळं छोटं टॉयलेट असेल तर ते सोन्यासारखं, कारण नाहीतर आठही जणी नवरीच्या बेडरूममधून जात येत राहतात.

तयार व्हायच्या वेळेचं गणितही इथेच करा. शनिवारी संध्याकाळी आठ जणी, प्रत्येकीला शॉवर, केस, मेकअप. दोघींना एक बाथरूम असेल तर दीड-दोन तासात सगळ्या तयार होतात, चौघींना एक असेल तर टेबलचं रिझर्व्हेशन चुकतं. उजेड असलेला आरसा किती, प्लग पॉइंट आरशाजवळ आहेत का, हे फोन करून विचारायला लाजू नका, त्यांना असले प्रश्न रोज येतात.

शहराचा कुठला भाग

शहरातल्या हॉटेलांची एक गंमत आहे जी माहीत असली की खूप पैसे वाचतात. ऑफिसांच्या भागातली मोठी हॉटेलं सोमवार ते गुरुवार बिझनेसवाल्यांनी भरलेली असतात आणि शुक्रवार-शनिवारी रिकामी होतात, त्यामुळे तिथे वीकेंडला दर उतरतात. उलट फिरायच्या, खाण्यापिण्याच्या भागातली हॉटेलं वीकेंडलाच महाग. म्हणजे तेवढ्याच पैशात ऑफिसांच्या भागात सुईट मिळू शकतो. पण दुसरी बाजू अशी की तो भाग वीकेंडला सामसूम होतो, आजूबाजूची कॅफे बंद, रात्री रस्ते मोकळे. टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत मजेच्या भागात पोचता येत असेल तर मी ऑफिसांचा भागच निवडेन. अर्धा तास आणि वर लागत असेल तर नको, कारण आठ जणींना दोन गाड्या लागतात, रात्री दोन गाड्या एकाच वेळी मिळत नाहीत आणि सगळ्या रस्त्यात उभ्या राहतात. हॉटेलच्या दारातच गाडी थांबते का तेही बघा, जुन्या गल्लीतल्या सुंदर हॉटेलांना कधीकधी शेवटचे दोनशे मीटर चालावं लागतं, हील्स घालून आणि रात्री.

तारीख पक्की करायच्या आधी त्या वीकेंडला शहरात काय आहे ते शोधा. मोठी कॉन्सर्ट, मॅच, मॅरेथॉन, एखादं प्रदर्शन असलं की दर अचानक वाढतात आणि मॅरेथॉन असली तर रविवारी सकाळी रस्तेच बंद. आणि हॉटेलच्या आत काय आहे तेही विचारा, शनिवारी बँक्वेट हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर त्याच्या वरच्या मजल्यावर खोली नको म्हणा. रिनोव्हेशन चालू आहे का हे तर स्पष्ट शब्दात विचाराच. पूल दुरुस्तीला बंद आहे हे साइटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं.

रिव्ह्यू वाचताना सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे दोन्ही सोडा, मधले वाचा, गेल्या सहा महिन्यातले, आणि सर्चमध्ये आवाज, ग्रुप, लिफ्ट, भिंती असे शब्द टाकून बघा. "शेजारचं सगळं ऐकू येतं" असं तिघाचौघांनी लिहिलं असेल तर तुमचंही सगळं शेजारी ऐकू जाणार, आणि रात्री तक्रार येणार.

पैसे भरायच्या आधी

तुलना करताना सगळ्या हॉटेलांचा शेवटचा आकडा धरा, टॅक्ससकट. काही देशांत दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं असतात, त्याचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स अजून वेगळे लागणार. काही शहरांत डेस्टिनेशन फी नावाचा रोजचा चार्ज असतो, काही ठिकाणी माणशी सिटी टॅक्स हॉटेलात गेल्यावर भरावा लागतो. नाश्ता धरलाय का, आणि धरला असेल तर रूममधल्या दोघींचाच की एक्स्ट्रा बेडवाल्या तिसरीचा पण, हे बघा. आठ जणींचा लक्झरी हॉटेलातला नाश्ता वेगळा घेतला तर बिल चांगलंच फुगतं.

स्वस्त दर बहुतेक नॉन-रिफंडेबल असतो. ग्रुपसाठी तो घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. आठ जणींमध्ये कुणाची तरी तब्येत, कुणाची सुट्टी, कुणाचं बाळ, काहीतरी होतंच, आणि लग्नाची तारीखच सरकली तर सगळंच गेलं. थोडे जास्त देऊन फ्री कॅन्सलेशनचा दर घ्या आणि कॅन्सल करायची शेवटची तारीख आणि वेळ फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, वेळ हॉटेलच्या शहरातली धरायची.

दहा किंवा जास्त खोल्या असतील तर बरीच हॉटेलं त्याला ग्रुप बुकिंग धरतात आणि वेगळा करार करतात. त्यात खोल्या तुमच्यासाठी राखून ठेवतात, एका ठराविक तारखेला न भरलेल्या खोल्या परत घेतात, आणि काही करारांत ठरलेल्यापेक्षा फार कमी खोल्या वापरल्या तर भरपाई मागतात, तो भाग सही करायच्या आधी दोनदा वाचा. चार-पाच खोल्यांसाठी असलं काही लागत नाही, पण सगळ्या बुकिंग एकमेकांना लिंक करायला सांगा, नाहीतर एक मजला चार आणि एक मजला अकरा असं होतं.

चेक-इनला प्रत्येक रूमसाठी कार्ड मागतात आणि काही रक्कम अडकवून ठेवतात, मिनीबार वगैरेसाठी. पैसे कापले जात नाहीत पण वापरताही येत नाहीत, आणि डेबिट कार्ड असेल तर सुटायला काही दिवस लागू शकतात. ही रक्कम किती ते आधी विचारून ग्रुपला सांगा, खास करून जिच्या खात्यात महिनाअखेर आहे तिला. एकीच्या कार्डवर सगळ्या खोल्यांची रक्कम अडकवायची वेळ येऊ देऊ नका.

ग्रुपमध्ये कुणाकडे हॉटेल चेनची वरच्या लेव्हलची मेंबरशिप असेल तर छान, पण लाउंज, नाश्ता, अपग्रेड हे फायदे साधारण तिच्या स्वतःच्या रूमपुरते आणि तिच्याबरोबरच्या एका पाहुणीपुरते असतात. आठही जणी लाउंजमध्ये जाऊ असं धरू नका.

हॉटेलला फोन आणि मग मेल

चेनच्या टोल फ्री नंबरवर नको, थेट त्या हॉटेलच्या नंबरवर फोन करा आणि रिझर्व्हेशनवाल्यांशी बोला, शक्यतो दिवसा, आठवड्याच्या मधे. आणि काय वीकेंड आहे ते लपवू नका. बऱ्याच जणींना वाटतं की बॅचलरेट सांगितलं तर नाही म्हणतील किंवा जास्त पैसे लावतील. नाही म्हणणारी हॉटेलं असतात, हो, पण ते आधीच कळलेलं चांगलं ना. सांगितलं की ते तुम्हाला कॉरिडॉरच्या टोकाच्या, शेजारी कमी असलेल्या खोल्या देतात, आणि बरेचदा नवरीसाठी मनापासून काहीतरी छोटंसं करतात. फोननंतर जे बोलणं झालं ते मेलवर टाका, साधारण असं:

"नमस्कार, आत्ताच फोनवर बोललो त्याप्रमाणे आम्ही आठ जणी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार येतोय, आमच्या मैत्रिणीच्या लग्नाआधीचा वीकेंड आहे. वेगळी लिव्हिंग रूम असलेला एक सुईट, त्याला आतून जोडलेली एक ट्विन रूम, आणि त्याच मजल्यावर दोन ट्विन रूम हव्या आहेत. जोडलेलं दार कन्फर्म आहे हे कृपया उत्तरात लिहावं. सुईटच्या लिव्हिंग रूममध्ये आम्ही आठही जणी रात्री बसलो तर चालेल का आणि किती वाजेपर्यंत? बाहेरून केक आणि ड्रिंक्स आणता येतात का, त्याचा चार्ज किती? सजावट करायची असेल तर काय चालतं काय नाही? बुकिंगचे मेल फक्त माझ्या पत्त्यावर पाठवा, नवरीसाठी सरप्राइज आहे."

उत्तर कसं येतं त्यावरून हॉटेल कळतं. प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं, नाव लिहिलं, तर तिथे तुमची काळजी घेतली जाणार. "वी विल ट्राय आवर बेस्ट" एवढंच आलं तर परत एकदा विचारा, तरी तेच आलं तर दुसरं हॉटेल बघा.

स्पा, पूल आणि सजावट

स्पाचा फोटो बघून एकत्र मसाजचं स्वप्न पडतं, पण ट्रीटमेंट रूम किती आहेत ते विचारा. चार असतील तर आठ जणी दोन पाळ्यांत, म्हणजे एक तासाच्या मसाजला सगळ्यांचे मिळून अडीच तास धरा, आणि शनिवार सगळ्यात आधी भरतो म्हणून रूम बुक झाल्या झाल्या स्पा बुक करा. वाट बघणाऱ्या चौघींना स्टीम, सोना, पूल वापरता येतो का, की त्याचे वेगळे पैसे? ग्रुपमध्ये कुणी प्रेग्नंट असेल तर आधीच सांगून ठेवा, सोना आणि गरम जकुझी तिच्यासाठी नाही, आणि मसाजही सगळ्या ठिकाणी करत नाहीत. कुणी प्रेग्नंसी ग्रुपला सांगितली नसेल तर? म्हणून हेल्थचे फॉर्म प्रत्येकीने आपापले भरावेत, आयोजन करणारीने सगळ्यांचे भरू नयेत.

रूफटॉप पूल दिसायला भारी असतो पण तो बरेचदा छोटा असतो, संध्याकाळी बंद होतो किंवा संध्याकाळी तिथे बार सुरू होतो आणि बाहेरची गर्दी येते. वेळा विचारा. खुर्च्या राखून ठेवतात का तेही.

सजावटीत दोन गोष्टींची खरंच काळजी घ्या. कॉन्फेटी आणि ग्लिटर बहुतेक लक्झरी हॉटेलांना अजिबात नको असतं, गालिच्यातून निघत नाही आणि क्लिनिंगचा दंड लागतो. मेणबत्त्या, स्मोक मशीन, भिंतीला चिकटपट्टी हेही नाही. हेलियमचे फुगे उंच छताच्या लॉबीत सुटले तर तिथल्या धूर ओळखणाऱ्या किरणांच्या आड येऊन अलार्म वाजवू शकतात, म्हणून ते रूममध्येच वजन बांधून ठेवा. आणि ड्राय शाम्पू, हेअर स्प्रे स्मोक डिटेक्टरच्या खाली उभं राहून मारू नका, बाथरूममध्ये पंखा लावून मारा, त्यानेही अलार्म वाजतो आणि अख्खं हॉटेल खाली उतरवलं जाऊ शकतं. सजावट हॉटेलकडूनच करून घेतली तर थोडे जास्त जातात पण तुम्ही चेक-इन करताना सगळं तयार असतं, मला तरी ते पैसे पटतात.

आवाजाची वेळ प्रत्येक हॉटेलची ठरलेली असते, साधारण रात्री दहा-अकरापासून सकाळी सातपर्यंत. स्पीकर घेऊन रूममध्ये पार्टीच करायची असेल तर हॉटेलची रूम ही त्यासाठी जागाच नाही, त्यापेक्षा हॉटेलचीच छोटी प्रायव्हेट डायनिंग रूम किंवा बारचा एक कोपरा दोन-तीन तासांसाठी घ्या आणि वर येऊन नुसत्या गप्पा मारा.

सुरक्षित वाटलं पाहिजे

लिफ्ट की-कार्डशिवाय चालत नाही असं हॉटेल निवडा. चेक-इनला रूम नंबर मोठ्याने बोलला तर सरळ दुसरी रूम मागा, चांगल्या हॉटेलात ते कार्डच्या पाकिटावर लिहून दाखवतात. प्रत्येकीला स्वतःचं की-कार्ड घ्या, दोघींत एक नको, कारण रात्री एक आधी परत येते. जोडलेल्या खोलीचं दार दोन्ही बाजूंनी लॉक होतं का बघून घ्या. ज्या हॉटेलात आहात त्याचं नाव, मजला असलेले फोटो तिथे असतानाच टाकू नका, घरी गेल्यावर टाका. कॉन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांना गाडी, तिकिटं वगैरे ठरवून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाला, सांगितलं तर रात्रीच्या परतीची गाडी तो ठरवून देतो, बाहेर पडायच्या आधीच हे करून ठेवा.

आणि जी पीत नाही, जिला लवकर झोपायचंय, जी बाळाला घेऊन येतेय किंवा व्हीलचेअर वापरते तिची रूम सगळ्यात आधी ठरवा, उरलेल्यात बाकीच्यांना बसवा. व्हीलचेअरसाठी रोल-इन शॉवर, म्हणजे खुर्ची थेट आत नेता येईल असा शॉवर, असलेल्या खोल्या हॉटेलात थोड्याच असतात आणि पूलला, रूफटॉपला लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते का, मध्ये चार पायऱ्या आहेत का हे फोटोत कळत नाही.

रविवार

चेक-इन साधारण दुपारी तीन आणि चेक-आउट अकरा-बारा. शनिवारी सकाळी पोचणार असाल तर रूम लगेच मिळेल असं धरू नका, बॅगा ठेवून बाहेर जा किंवा स्पा त्याच वेळेला ठेवा. पण रविवारी लेट चेक-आउट जरूर मागा, शहरातल्या हॉटेलांची रविवारची रात्र बरेचदा सगळ्यात रिकामी असते त्यामुळे त्यांना द्यायला सोपं जातं. सगळ्या खोल्यांसाठी न मागता फक्त सुईटसाठी मागा, बाकीच्यांच्या बॅगा तिथे आणून ठेवायच्या आणि सगळ्यांनी तिथेच लोळायचं, हे बरेचदा मिळतं.

बिल शनिवारी रात्रीच एकदा मागवून बघा, रविवारी सकाळी रिसेप्शनला रांग असते आणि सगळ्यांना गाडी, ट्रेन, फ्लाइट गाठायची घाई असते. ड्रिंक्स नेमक्या कोणाच्या रूमवर टाकल्या, मिनीबारमधलं काय घेतलं, स्पाचे आधी भरलेले पैसे परत लागलेत का, एवढं बघून घ्या, चूक असेल तर तेव्हाच शांतपणे सांगा, ते दुरुस्त करून देतात, आणि अडकवलेली रक्कम कधी सुटणार ते विचारून ग्रुपवर टाका.